कुशाबाईच्या हाताची काठी

“नवी काठी कशाला कापतोस, दिलावर? आमच्या दादाची हाये की,” असं म्हणत गेणभाऊनं खांद्यावरची लांबलचक वेळूची काठी बांधावर आडवी ठेवली. “आढ्याला बांधून ठेवलेली व्हती. तूच कापलेली. वळख.”

दिलावरनं काठीवरून हात फिरवला आणि ओळखली. सावळेरामाच्या हाताची काठी विसरायची म्हटली तरी विसरता आली नसती. घराच्या दारातून वाकून आतबाहेर करणारा तो उंचापुरा माणूस प्लेगात गेला, आणि अवसरीतलं ओढ्याकाठचं हे शेत मागं उरलेल्या त्याच्या बायकोकडं, कुशाबाईकडं आलं. पोरबाळ नव्हतं.

दिलावर जुन्नरचा. शेताला वई घालायची, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण करायचं, तर अवसरीपर्यंत लोक त्यालाच बोलावत. बोरीबाभळीच्या फांद्या तो एकमेकींत अशा गुंतवायचा, की रानडुक्कर सोडा, उंदीरही आत शिरायच्या आधी घरच्यांचा निरोप घेईल असं म्हणत. पण त्याचं खरं नाव होतं ते मोजणीसाठी. दर ठरलेला, काठीमागं दोन शेर बाजरी. खडकाळ बाजूला दीडपट, कवाडाचं वेगळं, फांद्या मालकाच्याच झाडांच्या असल्या तर तेवढी सूट. घासाघीस नाही. काठी मात्र मालकाच्या हाताची. वेळूवर मालकानं स्वतः पाच हात टाकायचे, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, त्यावर पाच मुठी. मूठ संपली की दिलावर कोयता मारणार.

“दर माझा, हात तुमचा,” तो म्हणायचा. आता यात भांडायला जागा कुठं राहिली? काम झालं की काठी मालकाच्या आढ्याला जायची आणि वेळूचा उरलेला तुकडा दिलावरकडं. उंच माणसाच्या काठ्या कमी भरत, बुटक्याच्या जास्त. संपत नावाचा आमचा एक ठेंगणा गडी तर वई घालायची वेळ आली की आईबापांना नावं ठेवायचा. ज्याच्या हाताची काठी त्याचं शेत, हे कुठल्या कागदावर नव्हतं, पण चार गावं मानत होती.

कुशाबाईच्या शेताची जुनी वई सडली होती. दोन सुग्या गेणभाऊची गुरं तिच्यातून चुकून आत शिरली. गुरांना काय अक्कल, पण शिरायची ती नेमकी बाजरी निसवून कणसं धरल्यावर. मग हाच धाकटा दीर चारचौघांत हळहळायचा, “वैनींच्यानं राखण व्हत न्हाई. शेत मी कसतो, त्यास्नी पोटापुरतं घालतो.” कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद कुणाकडं मागायची? यंदाही पीक गेलं तर शेत दिराच्या हाती द्यायचं, असं पंचांनी सांगून टाकलं होतं. म्हणून तिनं दिलावरला निरोप धाडला होता.

दिलावरला गेणभाऊचं म्हणणं पटलं. लांब काठीनं मोजलं की काठ्या कमी भरतील, बाईची बाजरी वाचेल. त्यानं बिस्मिल्ला म्हणून कोपऱ्यावर टोक टेकवलं आणि निघाला. मागं पाचसात माणसं होती. कुशाबाई बोरीखाली पदर सावरून बसली होती. काठी तिच्यासमोर आली तशी ती उठली आणि पुढचं टोक पडणार तिथं येऊन उभी राहिली.

“थांबा, भाऊ. ही काठी कुणाच्या हाताची?”

“सावळेरामदादाच्या, वैनी,” दिलावर म्हणाला.

“आन शेत कुणाचं?”

गेणभाऊ हसला. “वैनी, येड्यावाणी काय करताय? दादाच्या काठीनं सस्तात पडतंय. तुमचा हात केवढा? कणगी रिकामी व्हईल.”

“व्हऊ द्या, भावजी.” तिचा आवाज चढला नाही. “त्यांच्या काठीनं वई घातली म्हंजी शेत त्यांचं. त्ये तर न्हाईत. मग त्यांच्या माघारी कुणाचं, ह्ये तुमी उद्या सांगायला येताल. दिलावरभाऊ, माझ्या हाताची काठी कापा.”

दिलावर जागच्या जागी थबकला. दर माझा, हात तुमचा, हे तो इतकी वर्षं हसत हसत म्हणत आला होता. त्या बोलण्यात एका बाईचं सगळं शेत मावतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आत्ता भलेपणानं का होईना, तो तेच शेत दुसऱ्याच्या नावानं मोजत चालला होता.

त्यानं नवा वेळू जमिनीवर ठेवला आणि चार पावलं मागं सरला. कुशाबाई खाली बसली. तिनं बाही वर केली आणि हात वेळूवर आडवा टाकला. चुडा गेलेल्या मनगटावर अजून फिकट वळ होते. एकेक हात संपला की दुसऱ्या हाताचं बोट तिथं रोवायची आणि पुढं सरकायची. मग मुठी. हसायला आलेली माणसं तंबाखू मळायची विसरली. अवसरीत बाईच्या हाताची काठी कुणी पाहिली नव्हती, आणि पाहताना कुणाला मान वर करून उभं राहवेना. शेवटच्या मुठीपाशी दिलावरनं कोयता मारला.

गेणभाऊ गुरं बघायला म्हणून निघून गेला.

मोजणी झाली. बांधावर बसून दिलावरनं आकडा सांगितला. सावळेरामाच्या वेळेपेक्षा तो बराच जास्त होता. म्हातारा भिका त्याच्या कानाशी लागला, “सोड की काहीतरी. रांडमुंड बाई हाये.”

“शेरभर जरी सोडली, तरी तिची काठी खोटी पडंल, बाबा,” दिलावर म्हणाला.

कुशाबाईनं ते ऐकलं आणि मान हलवली. बाजरी तिनं कणगीचा तळ झाडून घातली, आणि सुगी येईतो लोकांच्या शेतात खुरपत राहिली. पुढं गेणभाऊचा बैल एकदा वईपाशी आला, नाक पुढं केलं आणि माघारी फिरला. त्या साली सगळी कणसं कुशाबाईच्याच खळ्यात पडली. दिराला तिनं सुपलीभर बाजरी पाठवली, वाटेकरी म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून. कुशाबाईच्या आढ्याला आता दोन काठ्या होत्या, एक लांब, एक आखूड.

पण मला सांगायचंय ते वई पुरी करून दिलावर घरी गेला त्या दिवसाचं. त्याची बायको जोहराबी भाकरी थापत होती. घरात दोघं दखनीत बोलत, मी आपलं मराठीत सांगतो. नवऱ्याच्या खांद्यावरचा तुकडा बघून ती म्हणाली, “एवढा मोठा उरला? कुणा पोराचं शेत होतं का काय?”

दिलावरनं सगळं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली, ती तिनं काढली नाही. मग तिनं हाताचं पीठ झटकलं, बांगड्या मागं सारल्या आणि तुकडा जवळ ओढून त्यावर आपला हात आडवा टाकला.

“माझा कुठंवर येतो, बघा बरं.”

दिलावरच्या सात पिढ्यांत कुणाची जमीन नव्हती. मोजायला वावभर रान नव्हतं. तरी तो खाली बसला, आणि तुकडा हलू नये म्हणून त्याचं दुसरं टोक त्यानं घट्ट धरून ठेवलं.