समोरच्या खिडकीतला रिमोट

स्नेहलतागंजातली आमची गल्ली इतकी अरुंद आहे, की समोर तात्यारावांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की माझी बायको मधुरिमा आपला गॅस बंद करते. तात्याराव वीज खात्यातून निवृत्त झाले. तिथे आयुष्यभर लोकांच्या तक्रारी घेतल्या, आता स्वतः लिहितात. आमच्या एसीचं बाहेरचं यंत्र त्यांच्या खिडकीवर गरम हवा फेकतं, याबद्दल त्यांनी मला तीन पत्रं पाठवली, तिन्ही कार्बन कॉपीसकट. त्यानंतर बोलणं बंद, पत्रव्यवहार चालू.

एसी आम्ही हौसेने घेतला नव्हता. फेब्रुवारीत आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं चार शब्दांवर आलं आणि डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात खोली तापू देऊ नका, यांना सोसणार नाही. म्हणून खिडकीसमोरच्या भिंतीवर एसी लागला. तात्यारावांनीही त्याच सेलमध्ये तेच मॉडेल उचललं होतं. त्यांचा एसी खिडकीच्या वर. त्यांनी त्यावर रिमोट रोखला की अर्धा नेम खिडकीतून आमच्याकडे यायचा. रोज साडेनऊला त्यांचा बंद झाला, की आमचाही पीं करून बंद.

"मुद्दाम करतायत," मधुरिमा म्हणाली. "हे चौथं पत्र समजा."

मे महिन्यात आई काहीतरी सांगू लागली. डाव्या हाताने खिडकीकडे दाखवायची आणि म्हणायची, "तात्या. तात्या." उरलेल्या चार शब्दांतला एक ती त्या माणसावर खर्च करते, म्हणजे त्रास किती असेल! मी मानसशास्त्रात बी.ए. आहे. अर्थ लगेच समजला. रविवारी मी खिडकीला जाड पडदा लावला. आई रडली. मला वाटलं, समाधानाने.

त्याच संध्याकाळी लाइट गेली. आली, पण एसी काही आपण होऊन सुरू झाला नाही. मी रिमोट दाबला आणि विसरलो.

सोमवारी दुपारी एक वाजता पलासियातल्या ऑफिसात बसलो होतो. गल्लीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, 'लाइट फिर गई थी, आ गई क्या?' आणि माझ्या हातातला डबा तसाच राहिला. महिनाभर दुपारी लाइट जात होती आणि आम्ही घरी येऊन पाहावं तर एसी चालूच. लाइट आली की तो आपोआप सुरू होतो, असं समजून मी मनातल्या मनात कंपनीला शाबासकी देत होतो. मग रविवारी तो सुरू का नाही झाला? आईला सांभाळणाऱ्या कौसल्याबाई बारा ते तीन घरी जेवायला जातात. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. झटक्यानंतर आईला रिमोटची बटणं कळत नाहीत.

स्कूटर मी कशी चालवली ते पोलिसांनी पाहिलं नाही, एवढंच सांगतो.

दार उघडलं तर खोली गार. पडदा दांडीसकट जमिनीवर, त्यावर आईची काठी. आई घामेजली होती, पण श्वास नीट चालला होता. समोर बनियनमधले तात्याराव खांद्यापर्यंत हात खिडकीबाहेर काढून उभे, हातात रिमोट.

"आलास? भिया, ये परदा किस अक्लमंद ने लगाया?"

"मी."

"वाटलंच. वहिनीसाहेबांनी डाव्या हाताने पाडला. पूरे दस मिनिट! मी इकडून हिंमत देत होतो, और क्या करता?"

"तात्याजी, म्हणजे रोज दुपारी तुम्हीच..."

"लाइट रोज जाते, तो रोजच. सत्तावीसवर ठेवलाय. तुम्ही लोक अठरावर ठेवता, बाई काय फ्रिजमधली भाजी आहे का?"

"आणि हात बाहेर कशाला?"

"आतून दाबला तर माझाही चालू होतो. दुपारी एकट्यासाठी कोण एसी लावतो, यार!" त्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता. आमच्या यंत्राची गरम हवा थेट त्यांच्या तोंडावर येत होती.

मी हात जोडले. मागून आई म्हणाली, "तात्या." सूर नेहमीचाच होता. या वेळी मला समजला, बी.ए. असूनही.

बुधवारी बाहेरचं यंत्र गच्चीवर हलवलं. तात्यारावांच्या रिमोटचे सेल ऐन वेळी संपले तर पंचाईत नको, म्हणून आमचाही रिमोट त्यांना नेऊन दिला. संध्याकाळी त्यांचं चौथं पत्र आलं:

'रिमोट, एक नग, चालू स्थितीत मिळाला. तापमान सत्तावीस राहील. तक्रार असल्यास लेखी द्यावी.'

मूळ प्रत मी जपून ठेवली आहे. कार्बन कॉपी आईने मागून घेतली. ती तिच्या उशाखाली असते.