मोजकी म्हणजे किती?

दानेश्वरीच्या लग्नाची सुपारी येत्या रविवारी फोडायचं ठरलं आणि संकेश्वरहून नवऱ्याकडच्या पावण्यांचा निरोप आला, "आम्ही मोजकीच माणसं घेऊन येतो." झालं, शाहूपुरीतल्या त्या घराची झोप उडाली. मोजकी म्हणजे किती, हे पावण्यांना विचारायची सोय नाही. आकडा विचारला की जेवू घालायची दानत नाही असा अर्थ निघतो, आणि दानेश्वरीचे वडील भीमाप्पा गुळाचे नावाजलेले व्यापारी. "काय व्हायचं ते होऊ दे, मी इचारणार न्हाय," म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले. इकडं आई शांतव्वा, दानेश्वरीची अव्वा, कपाळाला हात लावून. जेवण कमी पडलं तर पोरीला सासरी जन्मभर टोमणे.

दानेश्वरीनं वेगळीच वाट काढली. साल दोन हजार सात, दुकानातला कॉम्प्युटर दुपारी रिकामा, आणि ऑर्कुटवर कोल्हापूरकरांचा अड्डा कायम भरलेला. तिनं 'लवंगी' या खोट्या नावानं प्रश्न टाकला: मोजकी माणसं म्हणजे किती?

अड्डा पेटलाच. गारगोटीच्या एकानं लिहिलं, एका जीपमध्ये मावतील तेवढी. दुसऱ्यानं विचारलं, बसून की लटकून? कुणी म्हणालं पाच-पंचवीस. मग त्यातले पाच धरायचे की पंचवीस, यावर दिवसभर एकमेकांची आय-माय काढून झाली. पुण्यात शिकणाऱ्या एका शहाण्यानं भाऊबंदांची टक्केवारी मांडली, तर दोन्ही बाजूंनी एक होऊन त्यालाच सोलला.

तेवढ्यात कुणी 'शिवा' उगवला. "मोजकी म्हंजे दीडशे. रविवारी माझी सुपारी हाय शाहूपुरीत. तेवढी न्हेणारच. न्हाय न्हेली तर भाऊबंद रुसत्यात."

दानेश्वरी खुर्चीतच ताठ झाली. हा तर शिवप्रसाद, तिचा होणारा नवरा. बघायला आला तेव्हा पोह्यांतून मान वर काढली नव्हती पठ्ठ्यानं, आणि इथं केवढा आवाज.

"मोजकी म्हंजे दहा," तिनं ठोकलं. "पोरीची आई काय आचारी हाय का तुमची?"

"काकाला कसं सोडू?"

"सुपारी तुझी का काकाची?"

असं तीन दुपारी चाललं. मग शिवा एकदम गप्प झाला. चिडला, दुसरं काय, असं तिनं धरलं आणि अव्वाला सांगून टाकलं, "मैत्रिणीकडनं कळलंय. दीडशे धर."

रविवारी मांडव घातला, हुग्गीच्या खिरीची पातेली चढली, गव्हाचा नि गुळाचा वास गल्लीभर. दारात एक जीप थांबली. दहा माणसं उतरली.

भीमाप्पा गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिले. "बाकीची?"

"एवढीच," नवऱ्या मुलाचे वडील मल्लाप्पा ओशाळून म्हणाले.

भीमाप्पांचं डोकं सटकलं. "दहा माणसांत पोर मागाय आलाय? आमचं घर एवढं हलकं वाटलं व्हय? दीडशेचं जेवान शिजवून बसलोय आम्ही. सुपारी आज फुटत न्हाय." त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून बाजूला ठेवला.

शिवप्रसाद पुढं झाला. "मामा, चूक माझी हाय. ऑर्कुटवर लवंगी म्हणून एक बाई हाय. लई भांडलो तिच्याशी, पर शेवटी तिचंच पटलं. घरात सगळ्यांचं वाईटपण घेतलं आणि दहाच आणली."

"कोण ही भवानी?" भीमाप्पा कडाडले. "माझ्या पोरीचं लगीन मोडाय निघालीया."

दाराआड दानेश्वरीनं सगळं ऐकलं. इतकं भांडून वर समोरच्याचं ऐकणारा माणूस तिनं अड्ड्यावर काय, उभ्या शाहूपुरीत पाहिला नव्हता. आता हा हातचा जाऊ द्यायचा नव्हता तिला. ती पदर सावरत बाहेर आली.

"अप्पा, ती लवंगी मीच."

शिवप्रसादनं आत्ता कुठं तिच्याकडं नीट बघितलं. मल्लाप्पांनी एकदा पोराकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि भीमाप्पांचा फेटा उचलून त्यांच्या हातात दिला.

"भीमाप्पा, आमचं पोरगं लग्नाआधीच बायकोचं ऐकाय लागलंय. आता सुपारी फोडाच. ह्याला माघारी न्हेऊन आम्ही काय करू?"