लाल दोऱ्याची बरणी

नवऱ्याला मी सगळं सांगते, फक्त सांगू नये ते सांगत नाही. तान्चोच्या पोटात राकिया दारूचे दोन पेले गेले की त्याच्या तोंडाला कडी राहत नाही. म्हणून त्या फेब्रुवारीत तळघरातल्या आमच्या खणात चरबीच्या सात बरण्या होत्या, आणि त्यातल्या एकीत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. चूक माझीच होती. पण ते मी त्याच्यापुढे आजही कबूल करणार नाही.

त्या बरणीत होते शेजारच्या नेफीसेचे चार कागद. तिच्या लग्नाचा दाखला आणि तीन लेकरांचे जन्मदाखले, जुन्या तुर्की नावांचे. जानेवारीत मिलिशियाच्या, म्हणजे पोलिसांच्या, जीपगाड्यांचा गावाला वेढा पडला. तुर्की घरांतल्या एकेकाला कचेरीत नेलं, तुर्की नाव आता चालणार नाही म्हणून आमच्यासारख्या नावांची यादी पुढे सरकवली आणि यातलं एक निवड म्हणाले. नेफीसेची नेव्हेना झाली. तिचा नवरा रासिम सही करेना, त्याला बेटावरच्या छावणीत धाडलं. मग हुकूम निघाला की जुने दाखले जमा करा. ज्याच्याकडे सापडतील तो रासिमच्या मागोमाग जाणार, आणि लपवणाराही.

नेफीसे मेणकापडाची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आली. दहा वर्षं आमचा जिना एक. बालवाडीच्या स्वयंपाकघरात मी कामाला, तिच्या तिन्ही पोरांना मीच भरवलंय. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? डुकराची चरबी नुकतीच कढवली होती. ती अर्धवट गोठल्यावर मी गुंडाळी आत दाबली आणि वरून चार बोटं आणखी ओतली. नेफीसेनं नाक मुरडलं.

"वेलिकाताई, डुकरात घातलीस होय माझी पोरं?"

"तुर्कांचे कागद डुकराच्या चरबीत कोण शोधायला येणार? गप बस."

ती हसली. रासिमला नेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि मग तिथेच तळघराच्या पायरीवर बसून रडली. मी बरणीच्या गळ्याला लाल दोरा बांधला, ओळखू यावी म्हणून. तेवढी अक्कल चालवायला नको होती.

गुरुवारी दुपारी कामावरून आले, कोबी काढायला खाली गेले आणि बरण्या मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. लाल दोरा कुठेच नाही. वर आले तर तान्चो टेबलाशी बसून मजेत बिया सोलत होता.

"बरणी कुठे गेली?"

"अगं, परवा मिलिशियाचा सार्जंट ग्रुदेव आला होता ना, जिन्यातल्या सगळ्यांची ओळखपत्रं तपासायला. म्हणाला, घरची चरबी संपली. आपल्या दारातून माणूस रिकाम्या हाती पाठवायचा का?"

"आणि नेमकी तीच दिलीस?"

"चांगलीच दिली. दोरा बांधून वेगळी ठेवली होतीस, म्हणजे त्यातल्या त्यात चांगली तीच असणार."

मेल्याच्या डोक्यात लाटणं घालावं असं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. दोन दिवस झाले होते. भर हिवाळा, घरोघर सकाळ-संध्याकाळ चरबीत चमचा जातो. मी दुसरी बरणी उचलली, डोक्याला रुमाल बांधला आणि तशीच चिखलातून ग्रुदेवच्या घराकडे निघाले. रासिमला न्यायला रात्रीचे आले नव्हते, भर दुपारी आले होते, हे मला वाटभर आठवत होतं.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. स्नेझाना नाव तिचं. हडकुळी, अबोल बाई, हनुवटीवर मोठा तीळ. वरच्या डोंगरातून लग्न होऊन आलेली, पण कोणी माहेरचं माणूस तिच्याकडे आलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं मला आत घेतलं, आणि समोर टेबलाशी पट्टा सैल करून ग्रुदेव बसला होता. पावाची लादी, लाल तिखटाची वाटी, आणि मधोमध माझी बरणी. मी ओतलेल्या चार बोटांतली तीन गेली होती.

"या, या वेलिकाताई. तुमच्या डुकरानं मला बाळसं आणलंय."

"सार्जंट, ती बरणी गेल्या सालची आहे हो. खवट. तान्चोला काडीची समज नाही. ही ताजी आणलीये, ती द्या परत."

"खवट? मला तर गोड लागते. राहू द्या की दोन्ही."

"पोट बिघडेल तुमचं."

"मिलिशियावाल्याचं पोट बिघडत नसतं." तो हसला, आणि हसता हसता थांबला. "एका बरणीसाठी एवढ्या चिखलातून आलात?"

"लाज वाटली म्हणून आले. पाहुण्याला कोणी जुनं देतं का?"

"खरंय," तो म्हणाला आणि पावाचा जाड तुकडा कापला. "तुमची शेजारीण कशी आहे? नेव्हेना. तिचे चार दाखले नोंदीत आहेत, पण जमा नाहीत. चुलीत जळले म्हणते. तुम्हाला काय वाटतं?"

"मी कामावर असते, सार्जंट. कोणाच्या चुलीत काय जळतं ते मला काय ठाऊक?"

त्यानं सुरी बरणीत घातली. मी बघायचं नाही म्हणून खिडकीकडे बघत होते, पण कान तिथेच. सुरी एकदा फिरली, दुसऱ्यांदा खोल गेली आणि अडली. त्यानं टोचून पाहिलं. आता ओरडावं, बरणी हिसकावून पळावं की गुडघे टेकावे, काही सुचेना. खरं सांगते, त्या क्षणी मला नेफीसेचा रागसुद्धा आला.

"खाली हे काय लागतंय?" ग्रुदेव म्हणाला.

"इकडे दे." स्नेझानानं त्याच्या हातातून बरणी घेतली. "कातडीचा तुकडा असेल, कढवताना राहिलेला. तू उकरत बसलास की अख्खी नासवतोस."

ती आमच्याकडे पाठ करून चुलीशी उभी राहिली. सुरीचा बारीक आवाज आला, मग थांबला. मला तिची मान दिसत होती, आणि मानेवरची एक शीर.

"मिळाला का तुकडा?" ग्रुदेवनं विचारलं.

"मिळाला." तिनं पावावर चरबी लावली, वर तिखट भुरभुरलं आणि त्याच्यापुढे ठेवला. बरणीवर झाकण लावून ती फडताळात, पिठाच्या डब्यामागे सारली. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "ताजी राहू दे ताई, आजपासून तीच काढते. तुमची बरणी धुऊन परत पाठवीन."

त्यानंतरचे चार दिवस माझ्या वैऱ्यालाही न येवोत. नेफीसेला सांगणं भाग होतं. तिनं घरी जाऊन पोरांचे लोकरीचे मोजे आणि अंतर्वस्त्रं तीन बोचक्यांत बांधून दाराशी ठेवली. माझंही एक बोचकं मी पलंगाखाली ठेवलं. खालच्या रस्त्यावर गाडी थांबली की आम्ही दोघी आपापल्या दाराच्या आतून ऐकत उभ्या. तान्चो म्हणायचा, तुला थंडी बाधलीये. मी म्हणायचे, हो, बाधलीये.

पाचव्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. स्नेझाना एकटीच होती. जाळीच्या पिशवीत माझी बरणी, लख्ख धुतलेली, काठोकाठ अक्रोडांनी भरलेली. गळ्याला लाल दोरा तसाच.

"बरणी रिकामी परत द्यायची नसते," ती म्हणाली. "एवढं आमच्या गावातही शिकवतात."

"कुठलं गाव तुमचं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं जिन्याकडे पाहिलं. "वर डोंगरात. आता त्याचंही नाव बदललंय." मग पिशवी माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "सगळं नीट सांभाळा, ताई." आणि झपाझप उतरून गेली.

मी नेफीसेला हाक मारली, दाराला कडी लावली आणि अक्रोड ताटात ओतले. बरणीच्या तळाशी गुंडाळी होती, नव्या कोरड्या मेणकापडात बांधलेली. गाठ मी सोडली. नेफीसेनं मोजायला सुरुवात केली. लग्नाचा दाखला. थोरली. मधला. धाकटी. चारही होते, आणि खाली आणखी एक कागद होता.

"हा माझा नाही," नेफीसे म्हणाली.

शाळेचा दाखला होता, घडीवर फाटत आलेला. कोपऱ्यात वेणी घातलेल्या मुलीचा फोटो, हनुवटीवर तीळ. नाव होतं जुल्फिये. त्या बाजूच्या डोंगरातल्या मुसलमानांची नावं बारा-तेरा वर्षांपूर्वीच अशी बदलली होती, तेव्हा आम्ही इथे खाली कोणी ब्रसुद्धा काढला नव्हता. एवढी वर्षं त्या बाईनं हा कागद मिलिशियावाल्याच्या घरात कुठे लपवला असेल, मला आजही कळत नाही.

नेफीसेनं ते नाव मोठ्यानं वाचलं, दोनदा. मग आम्ही दोघीही रडलो.

त्याच संध्याकाळी मी एका बरणीतली चरबी पातळ करून पाचही कागद परत आत घातले. या वेळी दोरा बांधला नाही. उरलेल्या पाचही बरण्या सारख्याच दिसायच्या, आणि त्यात काय आहे हे आम्हा तिघींनाच ठाऊक होतं.