उम्म सुलैमानची रायफल

माझा मालक सुलैमान याने तीन कॅटलॉग माझ्या टेबलावर टाकले आणि म्हणाला, आईसाठी रायफल बघायची आहे. वजनाला हलकी हवी, सशाच्या शिकारीला चालली पाहिजे आणि रोज दुपारी अस्रच्या नमाजानंतर रिकामे डबे उडवायला, म्हणजे नेमबाजीच्या सरावालाही. मला वाटलं थट्टा करतोय. पंपांच्या चौकशीची इंग्रजी पत्रं लिहिणं हे माझं काम. बंदूक मी कधी हातातसुद्धा धरलेली नव्हती.

थट्टा नव्हती. त्याची आई, उम्म सुलैमान, वाळवंटात वाढली होती. लहानपणी बापाच्या बंदुकीने ससे मारायची. आता जानेवारी लागला होता, कुवेत सोडायची इराकला दिलेली मुदत संपत आली होती आणि सुलैमान घरच्यांना रियाधबाहेर, मुझाहमियाच्या शेतावर हलवायच्या तयारीत होता. म्हातारीने सांगून टाकलं होतं की लढाईच्या दिवसांत ती रिकाम्या हाताने कुठेही जाणार नाही. आणि बंदूक निवडायची तर त्या चष्मेवाल्या हिंदीने, म्हणजे मी, जो जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसतो. वाचणाऱ्या माणसावर तिचा विश्वास होता.

मग सुलैमानने दार लावून घेतलं.

"तिला बंदूक द्यायची नाहीये," तो म्हणाला. "सत्तरीची बाई, घरात नातवंडं. मी नाही म्हटलं की जेवण सोडते. तू फक्त ठरवू नकोस, नूर. तुला साधं पेन निवडायला दुपार लागते. पानं उलटत राहा आणि शेवटी सांग, पुस्तकाप्रमाणे एकही बरोबर बसत नाही. मग सफूराचा बाहेर जायचा कागद मी त्याच दिवशी करतो."

सफूरा माझी बायको. तिचा पासपोर्ट माझ्या पासपोर्टसोबत सुलैमानच्या कपाटात होता आणि त्याच्या सहीशिवाय तिला देशाबाहेर जाता येत नव्हतं. मला सुट्टी मिळणार नव्हती, ते मी मान्य केलं होतं. पण हवाई हल्ल्याच्या भोंग्याची नुसती चाचणी झाली तरी तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची, ती भिंतीला टेकून बसायची. म्हसळ्याहून आमची अस्मा दर फोनला एकच म्हणत होती, अम्मीला पाठवा. आम्ही राहायचो त्या अल मलाझमधली ओळखीची बिऱ्हाडं एकेक करून रिकामी होत होती. विमानं अजून उडत होती. कधीपर्यंत, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी कॅटलॉग वाचू लागलो आणि खरं सांगायचं तर त्यात अडकलो. हलकी रायफल दिवसभर खांद्यावर वागवायला बरी, पण नेम धरताना तिचं टोक हलतं. जड रायफल स्थिर राहते, पण म्हाताऱ्या हाताला पेलत नाही. मोठी गोळी हलक्या बंदुकीतून सुटली तर दस्ता खांद्यावर आदळतो. सशाला आणि डब्याला पॉइंट टू-टूची बारीक गोळी पुरते, तिचा धक्का जवळजवळ नसतो. एवढं मला कळलं. पण दस्त्याची लांबी हाताच्या लांबीवर ठरते, असं प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं, आणि ज्या बाईसाठी बंदूक निवडायची तिला मी बघू शकत नव्हतो. सुलैमानच्या घरी मी पुरुषांच्या बैठकीत बसायचो. आतलं बोलणं पडद्यामागून यायचं.

म्हणून सफूरा आत गेली. सुलैमानच्या चुलतभावाचं शिकारीच्या सामानाचं दुकान होतं, तिथून आलेल्या तीन रिकाम्या रायफली बैठकीतून आत नेल्या गेल्या. काय काय बघायचं ते मी तिला आधीच पढवलं होतं. कोपर कुठे येतं, मान किती वाकते, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली आणि उघडले तर नजर थेट नळीवर येते का. मी बैठकीत गार झालेला कहवा धरून बसलो होतो. आतून दोन बायकांचं हसणं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही.

 घरी आल्यावर सफूरा चपला न काढताच पलंगावर बसली.

"अस्माचे अब्बा, तिला उजव्या डोळ्याने दिसत नाही."

म्हातारीने डावा डोळा मिटून खिडकीच्या चौकटीवर नेम धरला होता आणि नळी वळली होती भिंतीकडे. बाहुलीवर दुधासारखा पडदा, अगदी सफूराच्या आईला होता तसा. सफूराने हळूच नळी चौकटीकडे फिरवली तेव्हा म्हातारीला कळलं की हिला कळलंय. तिने सफूराचं मनगट पकडलं. मुलाला सांगू नकोस म्हणाली. त्याला समजलं तर तो शेतावरही मला खोलीबाहेर पडू देणार नाही, बकऱ्यांजवळ जाऊ देणार नाही, हात धरून संडासापर्यंत नेईल.

"आणि तू?"

"मी शब्द दिला," सफूरा म्हणाली. मग चपला काढत, "मला घरी जायचंय हो. इथे भीती वाटते. पण शब्द दिलाय, तो दिलाय."

मला झोप लागेना. सुलैमानला हवं ते उत्तर आता माझ्याजवळ होतं, तेही खोटं नव्हे, खरं. डोळा नाही, म्हणून बंदूक नाही. एका वाक्यात सफूरा विमानात. नुसता घोळ घातला असता तरी चाललं असतं, आणि घोळ घालणं मला सहज जमतं. मी सुलैमानची बाजूही मांडून पाहिली. ज्या घरात नातवंडं आहेत तिथे एका डोळ्याच्या म्हातारीच्या हातात बंदूक द्यायला सांगणारा मी कोण? माझं ज्ञान तीन कॅटलॉगांचं. आणि तरी उठून मी पुन्हा तीच पानं काढली. चांगला डोळा डावा, म्हणजे बंदूक डाव्या खांद्याला लागणार. बहुतेक रायफलींना गोळी चढवायचा बोल्ट उजवीकडे होता, डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याला तो अडचणीचा. तिन्हींतल्या एकीला मात्र तो नव्हता. खाली चापाजवळ एक कडी होती, ती पुढे ढकलून मागे ओढली की पुढची गोळी चढायची. दोन्ही खांद्यांना सारखीच. वजन अडीच किलोच्या आत, आणि नळी जरा लांब असल्यामुळे पुढे थोडा भार, टोक हलणार नाही इतका. शिकार आणि सराव दोन्ही साधणारं तिच्यासाठी काही असेल तर तेच होतं. हे कळल्यावर मला आनंद झाला आणि लगेच त्याची लाज वाटली.

ठरल्या दिवशी सुलैमानने मला बैठकीत आपल्या शेजारी बसवलं. थोबच्या, त्या लांब अरबी झग्याच्या, वरच्या खिशातून सफूराचा पासपोर्ट डोकावत होता. तो दिसावा म्हणूनच तिथे ठेवला होता. मी पानं उलटू लागलो. हलकीचे दोष सांगितले, जडचे सांगितले. सुलैमान मान डोलवत होता. माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटत होता. सफूरा आत, पडद्यापलीकडे होती.

मधेच म्हातारी बोलली. "नूर, पुरे झालं. तू वाचतोस. माझ्यासाठी यात एक आहे की नाही?"

सुलैमान माझ्याकडे बघत होता. मी पानाकडे बघत होतो.

"आहे," मी म्हणालो.

कुठली ते सांगितलं. सुलैमानने विचारलं, कडीचीच का, आमच्याकडे सगळे बोल्टची वापरतात. मी म्हणालो, या वयात एक खांदा भरून येतो, मग दुसऱ्यावर घ्यावी लागते, ही दोन्हीकडे चालते.  मग म्हातारी म्हणाली, "खलास. हीच."

सुलैमान मला दारापर्यंत सोडायला आला. सफूरा पुढे टॅक्सीपाशी गेली होती.

"मी तुला फक्त न ठरवायला सांगितलं होतं," तो हळू म्हणाला. "जन्मभर तेच केलंस. आणखी एक दिवस जमलं नाही?"

मी माफी मागितली. कशाची, ते मलाही नीट माहीत नव्हतं. पासपोर्ट त्याच्या खिशातच राहिला. बघू, पुढच्या आठवड्यात, एवढं तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात लढाई सुरू झाली आणि विमानतळ बंद झाला. मग सही असती काय आणि नसती काय, असं मी स्वतःला समजावत होतो, पण हिशोब उघड होता. सही आधी झाली असती तर सफूरा म्हसळ्यात असती. आम्ही खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलं, दाराखाली ओला टॉवेल लावला. पहिलं क्षेपणास्त्र शहरावर आलं तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी सुलैमानचा ड्रायव्हर शौकत, आमच्याच श्रीवर्धनकडचा, गाडी घेऊन दारात उभा. म्हणाला, म्हातारी गाडीत बसायला तयार नाही, तुमच्या बायकोला घेतल्याशिवाय शेतावर जाणार नाही म्हणते. मालक कालपासून डोकं धरून बसलेत. सफूराने माझ्याकडे पाहिलं. जा, मी म्हणालो. तिने दोन कपडे आणि औषधाची पिशवी घेतली. मला ऑफिसात राहायचं होतं, फोन आणि टेलेक्स सांभाळायला.

शेतावरून ती दुपारी फोन करायची. थंडी फार, उंटाचं दूध पचत नाही, भाकरीला तांदळाचं पीठ नाही, अशा तक्रारी करायची आणि मला बरं वाटायचं. एकदा मी धीर करून बंदुकीचं विचारलं.

"काल दोन डबे पाडले. डाव्या खांद्यावरून. सुलैमान खुर्ची टाकून मागे बसतो, पोरांना पुढे जाऊ देत नाही."

"त्याला कळलं?"

"कळलं असेल. आईला काही बोलत नाही. मला एवढंच म्हणाला, हिच्या उजव्या बाजूला उभी राहू नकोस."

मी तिच्या छातीतल्या धडधडीचं विचारलं. 

"रात्री इथून रियाधवरचा उजेड दिसतो," ती म्हणाली. "आवाज मागाहून येतो. तोवर मी आकडे मोजत बसते, क्षेपणास्त्र मलाझवर तर पडलं नाही ना. तिथे असते तर उजेड दिसला नसता, निदान तुम्ही दिसला असता. धडधड तिथल्यापेक्षा इथेच जास्त होते."

तिला शहराबाहेर काढायचं होतं, तेवढंच मी धरून बसलो होतो. पुढचा विचार केलाच नव्हता.

"शौकत आज सामान न्यायला येतोय," ती म्हणाली. "त्याच्या गाडीत बसा."

मी म्हणालो, ऑफिस आहे, टेलेक्स आहे, सुलैमानला विचारावं लागेल, तो आधीच नाराज आहे, पासपोर्टचं अजून...

"मी विचारलंय. तो म्हणाला, नूरनेच ठरवावं. आणि हसला."

खाली शौकतने हॉर्न दिला. सामानाची पोती चढवायला त्याला थोडा वेळ लागणार होता. टेलेक्स बंद करायचा की चालू ठेवायचा, हे मला सुचेना. चालू ठेवला आणि जिना उतरलो. अर्ध्यावर जाऊन परत आलो, बंद केला, आणि पुन्हा उतरलो.