न तपासताच बाद

मी एक जुना मदरबोर्ड आहे. मित्रांनो, तुम्ही पडदा पाहता, कीबोर्ड बडवता. मी पत्र्याच्या डब्यात असतो, म्हणून आपली कधी ओळख झाली नाही. प्रोसेसर, मेमरी, पंखे सगळे माझ्याच अंगावर वाढलेले. पण सुरळीत चाललं की नाव कॉम्प्युटरचं, आणि अडलं की खापर माझ्या डोक्यावर!

कारखान्यात तपासणाऱ्या बाईने मला चार वेळा चालू-बंद करून पाहिलं, मगच पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. तशी तपासणी पुन्हा नशिबी आली नाही.

या घरात मी अकरा वर्षं राबतोय. इथली आई शाळांचे बिल्ले भरून देते. तिचं भरतकामाचं मशीनही म्हातारं. त्याची नऊ पिनांची वायर माझ्याच पाठीत बसते. दुकानातल्या नव्या बोर्डांना ती जागाच नसते. म्हणजे मी गेलो की मशीनही गेलं.

आणि शाळा उघडायच्या तोंडावर, दोनशे बिल्ले बाकी असताना पडदा काळा पडला. पंखे मात्र गरगरत होते. मी जिवंत होतो हो!

दुरुस्तीवाला आला. त्याने वायर बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला, मेमरी नुसती वरून दाबली आणि घड्याळ पाहिलं.

"बोर्ड गेला, मॅडम. नवा घ्या."

"नव्याला हे मशीन लागेल?"

"मशीनपण नवं घ्या की!"

तो गेला आणि आई मटकन स्टुलावर बसली. माझा नुसता जळफळाट झाला. अरे, दुखणं मेमरीचं आहे! मी कधीचा ओरडतोय! पण आवाजच फुटत नव्हता.

संध्याकाळी मावशी आली. ती लिफ्ट दुरुस्त करते.

"ताई, बंद पडताना वाजला कसा हा?"

"वाजला? वर्षभर तोंडातून हूं नाही की चूं नाही."

"असं कसं? याला बारका स्पीकर असतो, दुखेल तसा कण्हतो." मावशीने टॉर्च मारला. "स्पीकर कुठाय?"

बाबा खाकरला. "तो... मी काढला. चालू केलं की टूं करायचा, बाळ दचकून उठायचं."

"धन्य आहात, भावोजी! रोग्याचं तोंड बांधायचं आणि वर डॉक्टर बोलवायचा!"

बटणांच्या डब्यातून स्पीकर निघाला. तो जोडताच मी वर्षभराचं साचलेलं सगळं ओतलं, "टूंऽऽ! टूंऽऽ! टूंऽऽ!"

"मेमरी," मावशी म्हणाली. तिने पट्टी उपसली, तिच्या सोनेरी कडा खोडरबरने घासल्या आणि 'टक' होईपर्यंत परत बसवली. पडदा उजळला. आईने आधी मशीनची वायर लावली; सुई धावायला लागली तेव्हा कुठे तिला हसू आलं.

माझा राग मात्र उतरलेला नाही, मित्रांनो. कारण मला बाद ठरवणाऱ्याने मी गप्प का आहे, हे विचारलंच नव्हतं. एक करा. तुमच्या घरात कुणी गप्प पडलं, यंत्र असो की माणूस, तर 'गेला' म्हणायच्या आधी त्याचं तोंड आपणच तर बंद केलं नाही ना, एवढं पाहा.

आता मी रोज सकाळी टूं करतो. बाळ उठतं, भोकाड पसरतं. बाबा त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतो. घालू दे!