सरळ रेघ

तिसऱ्यांदाही रेघ सरळच आली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि मग खुर्चीत मागे रेलून, कितीतरी दिवसांनी, मनापासून हसल्या.

प्रयोगशाळेतल्या चुंबकाच्या त्या खोलीत त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. माणसाहून उंच टाकी, तिच्या पोटात हाडं गोठवणारं द्रवरूप हीलियम आणि लांब दांडीच्या टोकाला बसवून आत सोडलेला नमुना. एकोणीस वर्षं त्या हेच करत होत्या. नमुना लोखंडासारखा चुंबक असेल तर पडद्यावरची रेघ गेल्या वाटेने परत येत नाही, मधे चिंचोळं पान उमटतं. नसेल तर गेली तशी निमूट परत येते.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, तसं पान मिळालं होतं. जस्ताच्या पांढऱ्या भुकटीची इवलीशी वडी, जिच्यात लोखंडाचा मागमूस नाही, ती म्हणे कण पुरेसे बारीक केल्यावर चुंबक झाली. सुट्टीच्या दिवशी सरांनी एकट्यानेच येऊन ती मोजली होती. दुसऱ्या सकाळी बाई आल्या तर टेबलावर पोलादी चिमटा, टोकांना पांढरी पूड. त्यांचा प्लॅस्टिकचा चिमटा कपाटात कुलपाआड होता. पोलादी चिमट्याने वडी उचलली की डोळ्याला न दिसणारा लोखंडाचा कीस तिला चिकटतो आणि पडद्यावर तोच मिरवतो, हे बाईंइतकं तिथे कुणाला ठाऊक? त्यांनी त्याच भुकटीची नवी वडी केली, प्लॅस्टिकने उचलली आणि तीनदा मोजली.

सरांना सावध करायला एक वाक्य पुरलं असतं. बाईंनी ते गिळलं. सरांनी विचारलं, यंत्र ठीक आहे ना? बाई म्हणाल्या, यंत्र चोख आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं.

अशा संधीची त्या अकरा वर्षं वाट बघत होत्या. अकरा वर्षांपूर्वी सरांचे लोहाचे कण कुणालाच दाद देत नव्हते. कण इतके लहान की आपलं तोंड कुठल्या दिशेला होतं हेच विसरायचे, क्षणात या कुशीवर, क्षणात त्या. घरी लेक पाळण्यात होती म्हणून असेल, पण त्यांना निजवायचं कसं आणि मोजण्याआधी थांबायचं किती, ते बाईंना उमगलं. त्यावर सर मोठे झाले. लेखात बाईंचं नाव कुठेच नव्हतं. एकदाच धीर करून विचारलं, तर सर चारचौघांत म्हणाले, “हात तुमचे, बाई. पण नाव डोक्याचं लागतं.” चौघंही हसली. ते हसू बाई विसरल्या नव्हत्या.

तीन महिन्यांनी जस्ताचा लेख स्वीकारला गेला. आणि तिथेच घोळ झाला. आनंदाच्या भरात सरांनी छपाईआधीचा कागद बाईंपुढे ठेवला. चौथं नाव त्यांचं होतं.

त्यांनी तो घरी नेला. लेकीने आईचं नाव मोठ्याने तीनदा वाचलं. नवरा म्हणाला, “नाव छापून येतंय, आणि तोंड असं का, कारलं चावल्यासारखं?” बाईंनी इस्त्रीचे कपडे काढले. खरं सांगावं तर सर वाचणार. गप्प राहावं तर सरांच्या तोंडाला काळं लागेल तेव्हा आपल्याही लागणार. इस्त्री करता करता त्यांचं ठरलं. बुडायचं तर सरांनी एकट्याने बुडावं.

सकाळी लाल पेनाने त्यांनी आपलं नाव खोडून कागद परत केला.

“हे काय, बाई?”

“या कामात माझे हातही नाहीत, सर.”

सरांना तो विनय वाटला. त्यांना थोडं हायसंही वाटलं, ते बाईंना दिसलं.

मोठ्या परिषदेच्या दिवशी दुपारी खोलीतला फोन वाजला. सरांचा आवाज ओळखू येईना. ते पान पडद्यावर दाखवलं, तर मागच्या रांगेतल्या कुणीतरी उठून एवढंच विचारलं होतं, की वडी कशाने उचलली.

“बाई, आपण ती प्लॅस्टिकनेच उचलली होती ना?”

‘आपण’. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

“आपण नाही, सर. तुम्ही. पोलादीने.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“त्याच आठवड्यात नवी वडी मोजली होती. तीनदा. सरळ रेघ आली.”

 या घटकेसाठी बाईंनी किती वाक्यं घोकली होती, त्यातलं एकही लागलं नाही.

“मग आता मी काय करू, बाई?”

“हीलियम भरायचंय, सर. अर्ध्या तासाने फोन करा.”

“बरं,” सर म्हणाले.

हीलियम सकाळीच भरून झालं होतं. बाई हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसल्या. पंप एकसुरात धडधडत होता. पंचविसाव्या मिनिटाला फोन वाजला. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वाजू दिला.