लाल दिवा आणि नखपॉलिशचा ठिपका

मित्रांनो, मी एक लहानसा मिक्सर आहे. चटणी वाटणारा नव्हे, आवाज एकत्र करणारा. माझ्या पोटात दोनच माइक मावतात आणि अंगावर बोटांवर मोजण्याइतकीच बटणं आहेत. जुना म्हणावं इतकं माझं वय नाही. पण एका दुपारी मला असा धक्का बसला की त्यानंतर मी काही नवा राहिलो नाही.

कारखान्यातून निघालो तो कल्याणच्या एका दुकानात येऊन पडलो. वरच्या फळीवर माझे थोरले भाऊ बसत. त्यांना बटणंच बटणं. गिऱ्हाईक आत आलं की त्यांच्याकडेच बघे. मी खाली, चार्जरच्या ढिगाशेजारी धूळ खात होतो.

एके दिवशी मुरबाडकडच्या एका गावातून पल्लवी आणि तिचे वडील महेंद्र दुकानात आले. महेंद्रची स्वतःची गायन पार्टी. जयंतीच्या दिवसांत त्यांना घरी जेवायला फुरसत नसते. त्यांनी आल्या आल्या सर्वांत मोठ्या भावावर हात ठेवला. पल्लवीने मात्र खाली वाकून मला उचललं.

"ह्याच्यात एको नाय," महेंद्र म्हणाले. "मग गाणं कसं वाटंल?"

"पप्पा, मंडपात नाय वाजवायचा. एक माइक आजीला, एक पेटीला, आन वायर फोनला. आजीचा आवाज आजीसारखाच पायजे, बास."

महेंद्रना ते पटलं नाही. त्यांच्या पार्टीत गाणाऱ्याचा शब्द डोंगरावर आपटून परत आल्यासारखा घुमला नाही, तर लोक उठून जातात. पण घाई होती, म्हणून त्यांनी पैसे काढून दिले. घाई कशाची ते मला एसटीत पल्लवीच्या मांडीवर बसून कळलं. तिची आजी जानकीबाई हिच्या गळ्यात गाठ झाली होती. दोन दिवसांनी ऑपरेशन होतं. गाठ निघेल, पण आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जानकीबाईने उभं आयुष्य मंडपातून गाणी म्हटली होती, स्वतः रचलेली. कुणी लिहून घेतली नव्हती, कुणी साठवली नव्हती. आता तेवढ्यासाठी मला आणलं होतं. हे ऐकून माझ्या तर वायरी गार पडल्या.

घरी पोचताच पल्लवीने मला तांदळाच्या कणगीशेजारी स्टुलावर ठेवलं. आजी सुपात तांदूळ निवडत होती.

"आजी, कायपण म्हण. मला आवाज लावून बघायचाय."

"कायपण म्हंजे काय गो? गळा तरी तापू दे."

असं म्हणत ती तांदूळ निवडता निवडताच हलकेच गुणगुणली:

"लावणीच्या वाफ्यात पाणी गुडघाभर,
आय माझे, हाक माझी पोचंल कुठवर..."

दोनच ओळी. पण काय सांगू, इतका उघडा आवाज माझ्या अंगातून पहिल्यांदाच जात होता. पल्लवीने माझं पहिलं बटण फिरवत नेलं, आवाज नीट आला तिथे थांबवलं आणि समोर लाल नखपॉलिशचा एक ठिपका ठेवला. "उद्या सगळी गाणी घेऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी कामाला जाते त्या कंपनीतून फोन आला. कोणीतरी आलं नव्हतं, हिला जावंच लागलं. निघताना तिने वडिलांचा फोन मला जोडून दिला आणि बजावलं, "पप्पा, बटण ठिपक्यावरच ठेवा."

"आख्खी पार्टी सांभाळतो मी. तू जा," महेंद्र म्हणाले.

मित्रांनो, महेंद्र वाईट माणूस नाही. आईवर त्यांचा जीव. पण मंडपातली सवय घरातही सुटत नाही. आधी त्यांनी माइकमध्ये दोनदा जोरात फुंकर मारली, मग त्याला चापट्या मारल्या. मी पार हादरलो. मला स्पीकर नाही, आवाज फक्त हेडफोनमध्ये येतो. त्यांनी हेडफोन लावलाच नाही. आवाज येईना, म्हणून त्यांना वाटलं पोरीने कंजूषपणा केलाय. एवढे मंडप गाजवलेली आई, तिचा आवाज मोठा नको का? त्यांनी पहिलं बटण शेवटापर्यंत पिळलं. जानकीबाईने तोंड उघडताच माझा लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला.

"हां, लाल लागला," महेंद्र समाधानाने म्हणाले. "आता चालू झाला. गा आये."

त्यांच्याकडच्या प्रत्येक यंत्राला चालू झालं की लाल दिवा लागतो. माझा लाल दिवा म्हणजे माझी बोंब असते: पुरे करा, आवाज फाटतोय. मला तोंड नाही. तो एक दिवा, तेवढीच माझी वाचा. मी दुपारभर बोंबललो, आणि महेंद्र माझ्याकडे बघून कौतुकाने मान डोलावत होते. ती माउली गाठ दाबून धरत एकेक गाणं गात राहिली. शेवटी तिचा गळा पार बसला.

संध्याकाळी पल्लवीने हेडफोन लावला आणि तिचा चेहरा उतरला. सगळ्या गाण्यांत नुसती खरखर होती. तिने हेडफोन वडिलांच्या कानाला लावला. महेंद्रनी घाईघाईने माइक पुन्हा उचलला.

"पुन्ना घेऊ," ते म्हणाले. "आये, एकच गाणं." जानकीबाईने प्रयत्न केला, पण नुसता वारा आला. सकाळी दवाखान्यात न्यायला जीप दारात उभी राहिली.

ऑपरेशन चांगलं झालं. जानकीबाई घरी आली, जेवू लागली, हसू लागली. आवाज मात्र कुजबुजीइतकाच उरला. महेंद्र माझ्याकडे बघतही नसत. माझ्यावर फडकं पडलं आणि मी पुन्हा धूळ खाऊ लागलो.

एका रविवारी पल्लवीने फडकं काढलं. आवाज लावून बघताना घेतलेला, तांदूळ निवडतानाचा तो तुकडा तिच्या फोनमध्ये तसाच होता. तिने आजीच्या कानाला हेडफोन लावला.

जानकीबाई दचकली. तिने दाराकडे पाहिलं, मग कणगीकडे.

"आय कधी आली?" ती कुजबुजली.

"कोण आय?"

"माझी आय. तिचाच आवाज हाय. वाफ्यात तीच म्हणायची असं."

"आजी, ती तूच हायस."

जानकीबाईचा विश्वास बसेना. उभ्या आयुष्यात तिने स्वतःचा आवाज ऐकला होता तो मंडपातला, घुमवलेला. तिच्या गळ्यात तिची आई बसलेली आहे, हे तिला कधी कुणी ऐकूच दिलं नव्हतं. महेंद्रनी हळूच हात पुढे केला आणि माझं बटण ठिपक्यावर आणून ठेवलं. मग तेही ऐकत बसले, आईच्या पायाशी.

मित्रांनो, मला धूळ लागली तर चालेल, फडकं मारलं की मी पुन्हा उभा राहतो. पण माझा लाल दिवा लागला तर बटण मागे घ्या. आणि घरातलं म्हातारं माणूस तांदूळ निवडताना गुणगुणत असेल, तर गळ्यात गाठ होईपर्यंत थांबू नका. दोनच ओळी उरल्या आहेत आमच्या घरात. मला पुसायला घ्याल तेव्हा तेवढा ठिपका सोडून पुसा.